लगद्याची मुंडकी

ओव्हाळबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या कापडी पिशवीतून एक लाल जीभ बाहेर लोंबत होती. बीडच्या एका लहान वाचनालयात मी तेव्हा ग्रंथपाल होतो. दुपारची वेळ, पंख्याखाली दोन म्हातारे वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपलेले. बाई टेबलापाशी आल्या, पिशवी खाली ठेवली, जीभ नीट आत कोंबली आणि भुतांवर एखादं चांगलं पुस्तक आहे का, असं विचारलं. लोकसमजुतींवरचा एक जाड, तळटीपांनी भरलेला ग्रंथ मी काढून दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो परत आणला.

"यातली भुतं मेलेली हायेत," त्या म्हणाल्या.

त्या विनोद करत नव्हत्या. त्यांना पुस्तक खरोखरच निकामी वाटलं होतं. मग त्यांनी पिशवीतून ती जीभ आणि तिच्या मागचं मुंडकं बाहेर काढलं, हातात चढवलं आणि त्या मुंडक्याने मला विचारलं, "का रं, पुस्तकं नुस्ती लावून ठेवतो का वाचतो बी?" झोपलेला एक म्हातारा जागा झाला.

कौसल्याबाई ओव्हाळ चौसाळ्याच्या शाळेत शिवण आणि हस्तकला शिकवून निवृत्त झाल्या होत्या. बुटक्या, काटक, चष्म्याला दोरी बांधलेली. पदराच्या काठात दोरा ओवलेली सुई कायम खोचलेली असायची. बोलता बोलता समोरच्याच्या शर्टाची गुंडी सैल दिसली, तर त्या वाक्य न तोडता सुई काढायच्या आणि माणसाला उभं ठेवून गुंडी पक्की करायच्या. शाळेत त्या शुद्ध बोलत असत म्हणे. निवृत्त झाल्यावर, त्यांच्याच शब्दांत, पुस्तकी भाषा त्यांनी खुर्चीबरोबर शाळेत जमा केली.

त्यांचं खरं काम मात्र दिलखुश थिएटरमध्ये होतं.

दिलखुश हे निजामाच्या काळात बांधलेलं नाटकघर. पुढे तिथे सिनेमे लागले, पुढे तेही बंद झाले आणि खालच्या भागात कांदे आले. पत्र्याचं छत, लाकडी सज्जा आणि रंगमंचाच्या कमानीवर रंगवलेले पोपट, ज्यांच्या चोचीत द्राक्षांचे घड होते. बाईंचे वडील या थिएटरात पडदा ओढायचे. बाई त्यांना दादा म्हणायच्या. ते रोज जवळच्या पाली गावाहून चालत यायचे आणि विंगेत दोरीपाशी उभे राहायचे. गावोगावच्या कंपन्या आल्या, गेल्या, दादा दोरीपाशीच. आयुष्यभरात त्यांनी एकही नाटक समोरून पाहिलं नाही. आधी त्यांना कुणी खुर्चीवर बसू दिलं नसतं. नंतर बसता आलं असतं, तर ते म्हणाले, समोरून बघितलं की सगळ्यांची नाकं चपटी दिसतात. बाई हे सांगून हसायच्या. मी एकदाच त्यांच्याबरोबर हसलो, नंतर मला जमलं नाही.

दरवर्षी सर्वपित्री अमावास्येला दुपारी चार वाजता, कांद्याची पोती एका बाजूला सारून, बाई दिलखुशमध्ये हातबाहुल्यांचा खेळ करत. मालकाच्या वारसांनी तेवढी एक दुपार त्यांना दिली होती. बाईंचं घर छप्पन सालापासून बौद्ध. पितर, पान, कावळा यांच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. मग हीच तिथी का, असं मी विचारलं. "ज्याला त्याला घरचे पान वाढतात," त्या म्हणाल्या. "थेटरातल्यांना कोण वाढणार? त्यांचं पोट टाळ्यांवर भरतंय."

खेळ भुतांचा होता, पण घाबरायला त्यात काही नव्हतं. दिलखुशमध्ये कधीकाळी वावरलेली माणसं भुतं होऊन परत यायची आणि प्रेक्षकांशी भांडायची. दारवान यायचा, तो तिकिटं दातांनी फाडायचा. सतरा नंबरच्या खुर्चीवर प्रत्येक नाटकात झोपणारा एक शौकीन यायचा. मेल्यावर त्याची झोप उडालेली होती आणि आपण कोणकोणती नाटकं बघायची राहिली, यावरून तो गळा काढायचा. एक प्रॉम्प्टर होता, त्याला फक्त दुसऱ्यांची वाक्यं आठवायची. आणि सगळ्यांची लाडकी मैना. ती स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाचं भूत. हिरवं लुगडं, हातभर लांब पापण्या, आणि गाण्यात वरचा सूर लागला की ओठावर टपकन बाहेर येणारी झुपकेदार मिशी. मैना लाजून मिशी आत ढकलायची, ती पुन्हा यायची. दरवर्षी हाच प्रकार, आणि दरवर्षी लोक हसून खुर्च्यांवरून घसरायचे.

भुतांचे डोळे सायकलच्या लाल काचांचे होते आणि जिभा स्कूटरच्या जुन्या सीटच्या रेक्झिनच्या. हा सगळा माल थिएटरशेजारच्या गॅरेजवाल्या रशीदभाईंचा. लोबानचा धूर सोडणं, हातबत्तीने उजेड पाडणं आणि सतरा नंबरचं रडणं ही कामंही त्यांचीच. बाईंच्या हुकमाखाली ते इतके धाकात असत की धूर जास्त झाला तर खोकलाही दाबून धरायचे.

मी एकदा फार भीतभीत सुचवलं होतं की मैनेच्या पापण्या थोड्या कमी केल्या तर बरं दिसेल. बाईंनी मला बसवून घेतलं.

"सर, तुमी लई सभ्य हाव," त्या म्हणाल्या. "जिथं तुमाला वाटतंय ना, आता जास्त झालं, तिथून भूत सुरू होतंय. त्याच्या अलीकडं नुस्ता माणूस."

पुढच्या वर्षी पापण्या आणखी बोटभर वाढल्या होत्या.

त्याच वर्षी खेळ संपल्यावर उमापूरहून आलेली एक म्हातारी काठी टेकत पुढे आली आणि मैनेकडे बघत उभी राहिली. तो नट आपला सासरा होता, असं तिने सांगितलं. रशीदभाईंनी बत्ती विझवली. मलाही वाटलं, आता तमाशा होणार. घरच्या मेलेल्या माणसाला मिश्या फुटणारी बाई करून नाचवलं होतं. म्हातारीने मैनेच्या लुगड्याचा पदर चिमटीत धरला, उलटून पाहिला आणि म्हणाली, मामांजी हिरवं नेसत नव्हते, त्यांना जांभळं लागायचं. एवढंच. बाईंनी तिथेच सुई काढली. घरून आपली एक जुनी जांभळी साडी आणवून, फाडून, मैनेला नेसवली आणि ती म्हातारीच्या मांडीवर ठेवली. म्हातारी तिला बराच वेळ थोपटत बसली. असा मान मी कुठल्या सत्कारात पाहिलेला नाही.

आता मला पोत्याची गोष्ट सांगायला हवी. ती टाळून बाईंबद्दल लिहिता येत नाही, मी प्रयत्न करून पाहिला आहे.

दिलखुशच्या मॅनेजरची खोली वारसांनी रिकामी केली तेव्हा कागदांनी भरलेलं एक पोतं हातगाड्यावर घालून वाचनालयाच्या दारात आणून टाकलं. जुनं काही असेल तर ठेवा, असा निरोप होता. पोत्याला वाळवी लागलेली होती. आमच्या कपाटांवर वाळवीचं औषध मारून तेव्हा महिनाही झाला नव्हता. मी पोतं आत घेतलं नाही. बाई त्या वेळी वाचनालयात बसल्या होत्या. "मग मी नेते," त्या म्हणाल्या.

आमच्या भागात जुन्या वह्यांचा कागद टाकून देत नाहीत. बायका तो भिजवतात, पाट्यावर वाटतात, मेथ्यांची पूड घालून मळतात आणि पालथ्या पातेल्यावर थापून दुरड्या करतात. मेथीच्या कडूपणामुळे कीड लागत नाही. बाईंची आई अशा दुरड्या करायची. बाई त्याच लगद्याची मुंडकी करायच्या. त्यांची तोवरची मुंडकी वर्तमानपत्रांची होती आणि ते त्यांना खटकत होतं. दिलखुशच्या भुताचं डोकं दिलखुशच्याच कागदाचं पाहिजे, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. भूत कशाचं होतं, तर जागेचं, असं त्या म्हणायच्या.

कागद भिजवण्याआधी त्यांनी मला घरी बोलावलं. अंगणात पोतं ओतून ठेवलेलं होतं. ठेवण्यासारखं काही आहे का, ते सरांनी एकदा बघावं, एवढंच त्यांचं म्हणणं. मी खुर्चीवर बसून वरवरची पाच-सात चोपडी हातात घेतली. एक हजेरीबुक होतं, त्याचं पुठ्ठ्याचं कव्हर चाळणीसारखं झालेलं. मी ते उघडलं नाही. हाताला माती लागत होती आणि घरी माझं एक पुस्तक अर्ध्यावर राहिलं होतं. मी सांगितलं, काही नाही बाई, सगळं वाळवीने खाल्लंय. त्यांनी माझ्या शब्दावर मान डोलावली. मी शिकलेला माणूस होतो.

तीन आठवडे बाई पाट्यावर तो कागद वाटत होत्या. त्या वर्षीची भुतं आजवरची सर्वांत देखणी झाली. मैनेचा गाल तर चिनीमातीसारखा गुळगुळीत. कुणीतरी मोबाइलवर खेळ चित्रित केला, तो गावभर फिरला आणि लोक बाईंना रस्त्यात थांबवून मिशीचं विचारू लागले.

त्यानंतर दोन वर्षांनी वारसांनी दिलखुश पाडायची परवानगी मागितली. तिथे दुकानं व्हायची होती. गावातल्या काही जणांनी हरकत घेतली, त्यात पहिली सही बाईंची. कचेरीत सुनावणी लागली. जागा जुनं नाटकघर आहे हे सिद्ध झालं, तर पाडकाम थांबवून जुनी वास्तू म्हणून तिची नोंद करता येणार होती. पण वारसांनी दाखल केलेल्या कागदांत त्या जागेचा उल्लेख सगळीकडे गोदाम असा होता. इथे नाटकं होत होती, याचा त्या काळातला एखादा लेखी पुरावा हवा होता. जाहिरात, तिकीट, हजेरीबुक, काहीही.

आम्ही गावभर विचारलं. ज्यांची घरं दिलखुशच्या गोष्टींवर वाढली होती, त्यांच्याकडे कपटासुद्धा नव्हता. गोष्टी सगळ्यांकडे होत्या.

असा कागद त्या पोत्यातच असणार होता, हे बाईंच्या लक्षात माझ्या आधी आलं. सुनावणीच्या दिवशी त्या पिशवी घेऊन आल्या. अधिकारी तरुण होता आणि वाईट नव्हता. त्याने बाईंना बसायला खुर्ची दिली, आपण त्यांचा खेळ मोबाइलवर पाहिलाय असंही सांगितलं.

"पण बाई, फायलीला कागद लागतो," तो म्हणाला.

बाईंनी पिशवीतून मैना काढली आणि त्याच्या टेबलावर ठेवली.

"हा कागदच हाय, साहेब. दिलखुशचाच हाय. जाहिराती, हजेरीबुकं, समदं ह्याच्यात हाय."

वारसांचा वकील रुमालात तोंड घालून खिडकीकडे वळला. अधिकारी हसला नाही. त्याने ते मुंडकं उचललं, फिरवलं, मानेच्या भोकातून आत पाहिलं. मग हळू आवाजात विचारलं, यातलं वाचता येईल असं काही आहे का. बाईंनी मैना परत पिशवीत ठेवली. त्याने पुढच्या सोमवारपर्यंत मुदत दिली. त्याच्या हातात तेवढंच होतं, असं मला आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रशीदभाईंचा फोन आला. मी पोचलो तेव्हा अंगणात पाण्याने भरलेली दोन घमेली होती आणि दारवान एका घमेल्यात तोंड खाली घालून तरंगत होता. त्याचा रंग सुटून पाणी तांबडं झालं होतं. बाई पाटावर बसून प्रॉम्प्टरचं मुंडकं सुईने थर थर उकलत होत्या. जे निघे ते ओलं ताटात पसरायच्या आणि चष्मा कपाळावर सारून डोळ्यांजवळ धरायच्या.

"बाई, कावून करताय हे?" रशीदभाई म्हणाले. ते उंबऱ्याबाहेरच उभे होते. "दोन तरी राहू द्या. मैना राहू द्या."

"कोणत्यात निघंल ते सांगा, भाई," बाई मान वर न करता म्हणाल्या. "मग बाकीचे ठेवते."

मी शेजारी बसलो आणि मदत करू लागलो. चार दिवस आम्ही ते केलं. ताटात काय आलं? करडा चिखल. त्यात कुठे एक काना, कुठे वेलांटीचं टोक, कुठे आकड्याचा म्हणावा असा बाक. एकदा पोपटाच्या छापील चोचीसारखं काही दिसलं, ते उचलताना विरघळलं. लगदा इतका एकजीव झालेला होता की शाई आणि कागद वेगळे राहिलेच नव्हते.

"मी लई बारीक वाटलं, सर," बाई तिसऱ्या दिवशी म्हणाल्या. "आय म्हणायची, जरा बी कण राहिला तर दुरडी तडकती. थोडा आळस केला असता तर एखादी ओळ राहिली असती."

त्याच दुपारी त्यांनी मला विचारलं की हजेरीबुकात पडदा ओढणाऱ्यांचीही नावं असतात का. मी म्हणालो, असावीत. त्यांनी सुईने पुढचा थर उचलला. दादांचा फोटो घरात नव्हता, कुणी काढलेलाच नव्हता, हे मला माहीत होतं. मैनेला त्यांनी शेवटी पाण्यात घातलं. जांभळं लुगडं आधी सोडून घडी करून ठेवलं.

सोमवारी बाई कचेरीत रिकाम्या हाताने आल्या. काही सांगायचं आहे का, असं विचारल्यावर त्या उभ्या राहिल्या आणि दिलखुशमधल्या माणसांची नावं सांगू लागल्या. दारवानाचं, पेटीवाल्याचं, बत्ती सांभाळणाऱ्याचं, कोण कुठल्या गावचा, कोणत्या सालच्या दुष्काळात कोण निघून गेला. कारकुनाने तीन नावं लिहिली आणि पेन थांबवलं. अधिकाऱ्याने त्यांना मध्ये तोडलं नाही. सर्वांत शेवटी बाईंनी वडिलांचं नाव सांगितलं आणि पुढे म्हणाल्या, पडदा ओढणारे. मग त्या बसल्या.

दिलखुश पाडायला दोन दिवस लागले. पोपटांची कमान सकाळी अकराच्या सुमारास खाली आली. रशीदभाईंनी त्या दिवशी गॅरेज उघडलं नाही. बाई तिकडे फिरकल्या नाहीत. त्यानंतर त्या वाचनालयातही आल्या नाहीत, आणि लोकांनी रस्त्यात मिशीचं विचारलं तर न थांबता पुढे जात.

पुढची सर्वपित्री आली. चार वाजता रशीदभाई आणि मी, आधी न ठरवता, बाईंच्या दारात एकमेकांना भेटलो. बाईंनी चहा केला. रशीदभाईंच्या मुलीच्या लग्नाचं विचारलं, माझ्या गुडघ्यांचं विचारलं. खेळाचा विषय कुणी काढला नाही. रशीदभाई हात धुवायला अंगणात गेले, तेव्हा बाई माझ्याकडे वळल्या.

"सर, त्या पोत्यात खरंच काय होतं?"

या प्रश्नाचं उत्तर मी वर्षभर तयार करून ठेवलं होतं. काही नव्हतं म्हटलं तर त्यांच्यावरचं ओझं उतरणार होतं. "काहीच नव्हतं, बाई," मी म्हणालो. "मी नीट पाहिलं होतं. नुसती वाळवी होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही.

"तुमी हजेरीबुक उघडलं न्हवतं," त्या म्हणाल्या. "मी बघितलंतं. मला वाटलं, सरांना वरूनच कळत असंल."

त्यांनी माझ्या कपात उरलेला चहा ओतला.

"मी बी वाचता येणारी बाई हाय," त्या म्हणाल्या. "मी कावून उघडलं न्हाई? तुमचं तुमच्यापाशी, माझं माझ्यापाशी. घ्या चहा."

बाई त्या हिवाळ्यात गेल्या, झोपेतच. पण माझ्यासाठी त्या त्याच दुपारी संपल्या, कारण पुन्हा त्यांच्या घरी जायचं धाडस मला झालं नाही. त्या दुपारी निरोप घेऊन मी रस्त्यावर आलो. कोपऱ्यावर वळताना मागे पाहिलं तर बाई गच्चीवर चढलेल्या दिसल्या. भिजवलेल्या सगळ्या मुंडक्यांचा लगदा त्यांनी फेकलेला नव्हता. त्याच्या भाकरीएवढ्या करड्या चकत्या थापून गच्चीभर वाळत घातल्या होत्या, आणि आता त्या वाकून एकेक चकती उलटत होत्या. प्रत्येक चकती उलटली की तिची खालची बाजू उन्हाकडे तिरपी धरायच्या, चष्मा कपाळावर सारायच्या, डोळ्यांजवळ न्यायच्या, आणि खाली ठेवून पुढची घ्यायच्या. अजून तीन-चार ओळी उरल्या होत्या. ऊन उतरायला लागलं होतं, आणि त्या घाई करत नव्हत्या.